रोसवीटाचं पेन्शन

१० मार्च २५६६
(तुमच्या मोजणीने २०२३)

हाइको,

मी प्रानोम. तुझ्या वडिलांबरोबर सात वर्षं राहते आहे, तेव्हा ओळख करून द्यायची गरज नाही. नावडत्या माणसाची ओळख आपण जास्तच नीट लक्षात ठेवतो.

हे पत्र मी थाईत लिहिते आहे. उडोन शहरात विपा नावाची बाई आहे. वकिलातीत लागणाऱ्या कागदांचं जर्मन ती करते. याचंही तीच करील आणि तुला मेलने पाठवील. माझा राग गाळायचा नाही असं तिला बजावलं आहे. "ताई, थोडं मऊ करू का?" असं तिने विचारलंच. म्हटलं, "मऊच करायचं असतं तर देवळात गेले असते, तुझ्याकडे कशाला आले असते?"

काम सांगते. निवृत्त माणूस म्हणून या देशात राहायची तुझ्या बाबांची परवानगी तीस जूनला संपते. नवी हवी असेल तर महिन्याला पासष्ट हजार बाट बाहेरून पेन्शन येतं हे दाखवावं लागतं. तुमची वकिलात तसं पत्र देते, पण पेन्शनचे मूळ कागद बघून. बाबांच्या स्वतःच्या पेन्शनचा कागद इथे येतो. जन्मभर बस चालवून मिळवलेलं ते पेन्शन पन्नास हजारांच्या आसपास जातं. उरलेली भर पडते ती तुझ्या आईच्या पेन्शनची, जे तिच्या मागे नवऱ्याला मिळतं. त्याचा कागद अजून तुझ्या पत्त्यावर येतो, कारण ती गेली तेव्हा ते त्याच घरात राहत होते. आजवर दर वर्षी तू तो न मागता पाठवलास. नोव्हेंबरपासून मात्र तुझ्याकडून अक्षर नाही.

नोव्हेंबरात काय झालं ते मला ठाऊक आहे. त्यांना सत्तर पूर्ण झाली, गावाने जेवण केलं, म्हाताऱ्यांनी आमच्या दोघांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. माझ्या भाचीने तो फोटो सगळ्या जगाला दाखवला आणि तू त्याखाली लिहिलंस, "अभिनंदन. आईचं पेन्शन बंद करायला कळवलंत ना?"

तर ऐक. आमच्याकडे दोरा नव्या नवरा-नवरीला बांधतात, आजारातून उठलेल्याला बांधतात, नोकरीला परदेशी निघालेल्या पोरालाही बांधतात. तालुक्याच्या कचेरीत आमच्या लग्नाची नोंद नाही. कायद्याने तुझे बाबा अजून विधुर आहेत आणि ते पेन्शन त्यांच्या हक्काचं आहे. मी हक्क हा शब्द उगाच वापरत नाही. बावीस वर्षं शिवणकारखान्याच्या फाटकावर टेम्पोत उभं राहून मी कामगार बायांपुढे त्यावरच बोलत आले.

बाबा बरे आहेत. हात जरा दुखतो म्हणून मी लिहिते आहे. कागद पाठव.

प्रानोम


१९ एप्रिल

हाइको,

तुझं उत्तर आलं. "हात दुखतो तर फोन का करत नाहीत? माझ्या बापाचं तोंड कधी दुखलेलं मला आठवत नाही." विपाने वाचून दाखवलं आणि खाली बघत बसली. तुझी जीभ कुठून आली ते मला कळलं. आपण दोघं एका फाटकावर उभे असतो तर मालकाचं काही खरं नव्हतं.

बरे आहेत हे मी खोटं लिहिलं. जानेवारीत पंप दुरुस्त करता करता ते खाली बसले आणि उठेनात. मेंदूतली रक्ताची वाट अडली, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात गेला. पाय ओढत चालतात. समजतं सगळं, बातम्या बघून चिडतातसुद्धा. पण वाचा परतलेली नाही. बँकेत जी ठेव होती ती हॉस्पिटलच्या बिलात गेली, नाहीतर नुसती ठेव दाखवूनही परवानगी मिळते आणि तुझ्या दाराशी मी आले नसते. हेही तुला कळू दे.

का लपवलं? कळलं की तू त्यांना न्यायला येशील, म्हणून. दुसरं कारण नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या नववर्षाला, रीतीप्रमाणे, गल्लीतल्या पोरींनी त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. एक जण म्हणाली, "जर्मनकाका, या वर्षी ओरडला नाहीत हो? गेल्या वर्षी बर्फाचं पाणी ओतलं तर केवढे ओरडला होतात!" ते हसले. अर्ध्या तोंडानेच, पण हसले.

कागद पाठव. तुला दया येऊन नाही. तो त्यांचा आहे, म्हणून.

प्रानोम


२२ मे

हाइको,

या वेळी तू सविस्तर लिहिलंस, मीही सविस्तर लिहीन.

तू म्हणतोस, त्यांना घरी पाठवा. वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली आहेस, तिथे वाचा-उपचार करणारी बाई आठवड्यातून तीनदा येते. इथे काय आहे, असं विचारतोस. इथे माझ्या घराखालच्या माचावर रोज सात बाया बसतात, आणि त्यांच्यासमोर गप्प बसणं धडधाकट माणसालाही जमत नाही. पण मी तुला फसवणार नाही. वाचा-उपचार करणारी बाई आमच्या प्रांताच्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदा येते, आणि तिच्याजवळची चित्रं थाई मुलांसाठी काढलेली आहेत. एवढ्या मुद्द्यावर तू बरोबर आहेस.

पुढे तू लिहितोस, कागद तुझ्या खणात आहे. तो मिळणार नाही, आणि आम्ही दुसऱ्या वाटेने मिळवला तर दोऱ्याचा फोटो तू पेन्शन कचेरीला पाठवशील. शेवटी आहे, "माझी आई बत्तीस वर्षं गिरणीत उभी राहिली. तिच्या पायांच्या शिरांवर तुमचा संसार चालणार नाही."

हे वाक्य मी तीनदा वाचून घेतलं. मीही कारखान्यात तशीच उभी राहिले आहे. माझ्याही शिरा फुगलेल्या आहेत. माझ्या पोटच्या पोराने हे माझ्यासाठी लिहिलं असतं तर मी ते फलकावर रंगवलं असतं. पण कामगार बाई मरते तेव्हा तिच्या घामाचं मोल ती ज्याच्याबरोबर जगली त्याला मिळावं, यासाठी तुमच्या देशात माणसं रस्त्यावर उतरली होती. ही भीक नाही. तुझ्या आईसारख्या बायाबापड्यांनीच ते मिळवलं. तू ते खणात कोंडतोस तेव्हा कोणाच्या बाजूला उभा असतोस, याचा विचार कर.

आता इथली हकीकत. परवा मी परवानगीच्या कचेरीत गेले. साहेब तरुण आहे, नम्र आहे, आणि भिंत जशी नम्र असते तसा आहे.

"आजी, पासष्ट हजार म्हणजे पासष्ट हजार."

"आणि माणूस अर्धा लुळा असेल तर?"

"मग हॉस्पिटलचं पत्र आणा, थोडी मुदत वाढवून देतो. पण ती जाण्यासाठीची मुदत असते, राहण्यासाठीची नव्हे."

बाहेर झाडाखाली एक एजंट बसतो. त्याने हाक मारली. "ताई, एवढं तोंड कशाला पाडलंय? काकांचा पासपोर्ट दे माझ्याकडे. एक दिवस त्यांच्या खात्यात पैसा पडतो, शिक्का बसतो, दुसऱ्या दिवशी पैसा माझा आणि काका तुझे."

"पकडलं म्हणजे?"

"कोण पकडणार? या प्रांतातले निम्मे गोरे म्हातारे माझ्या जिवावर एकेक दिवस लखपती झालेत. एकाने तर त्या दिवशी बायकोला खरोखर सोन्याची साखळी घेऊन दिली. मला अजून झोप येत नाही."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिथून निघाले. हो म्हणणं सोपं होतं. पण खोट्या हजेरीपटावर बोलून बोलून ज्या बाईचा घसा कायमचा बसला, तिने घरातल्या माणसासाठी खोटं खातं उघडायचं? बाकीचे करतात, करोत. माझ्या माणसाचं राहणं खरं आहे, तर त्याचा पुरावाही खराच असला पाहिजे.

एक शेवटचं. तू विचारलं आहेस, "बाबांना काय हवंय, हे तुम्ही विचारलं का?" विचारलं. समोर बसून विचारलं, "घरी जायचंय?" त्यांनी डावा हात हलवला. मग विचारलं, "इथे राहायचंय?" त्यांनी तोच हात तसाच हलवला.

मला खात्री नाही, हाइको.

प्रानोम


१४ जून

हाइको,

मुदत संपायला सोळा दिवस उरले आहेत. आता लपवून मला परवडणारं नाही.

तुझ्याकडे कागद मागत असताना मी दुसरी वाटही खणत होते. थाई बाईच्या नवऱ्याला इथे राहायला चाळीस हजार दाखवले तरी पुरतात. तेवढं तुझ्या बाबांचं स्वतःचं पेन्शन आहे. म्हणजे आम्ही खरंखुरं, नोंदणीचं लग्न केलं की तुझ्या आईचं पेन्शन बंद होतं आणि त्याची गरजही उरत नाही. हे आम्हाला पूर्वी कळत नव्हतं असं नाही. पण दोन पेन्शनं मिळत असताना एक सोडायला ते तयार नव्हते, आणि मला कचेरीच्या कागदाची हौस नव्हती. एप्रिलमध्ये मी त्यांच्यापुढे हे मांडलं. त्यांनी डाव्या हाताने अर्जावर सही केली. तुमच्या गावच्या कचेरीतून ते लग्नाला मोकळे असल्याचा दाखला मागच्या आठवड्यात आला. तुला आता राग येईल. येऊ दे. पण नीट बघ, तुला जे हवं होतं तेच मी करते आहे. तुझ्या आईच्या पैशावर आमचा संसार चालणार नाही.

काल आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. दुभाषी म्हणून विपा आली. नोंदणी करणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. कागद सगळे बरोबर निघाले. मग त्या तुझ्या बाबांना म्हणाल्या, "काका, फक्त एवढं सांगा. तुम्ही कोणाशी लग्न करताय? नाव घ्या."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "रोसवीटा."

बाईंनी कागद पुन्हा चाळले. "ही रोसवीटा कोण?"

विपाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग. आहे ते सांग."

"यांची पहिली बायको. वारली."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

हे मी तुझ्यापासून जानेवारीपासून लपवलं. वाचा परतली नाही असं मी लिहिलं होतं, ते पुरतं खरं नव्हतं. एक शब्द शिल्लक राहिला आहे, तुझ्या आईचं नाव. हॉस्पिटलात डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाले, रोसवीटा. पाणी हवं असलं की रोसवीटा. पंखा बंद पडला, रोसवीटा. पायाशी कुत्रं आलं, रोसवीटा. मी एकसष्ट वर्षांची बाई, पोलिसांच्या गाडीतून दोनदा गेलेली, मला कसला आलाय मत्सर, असं तुला वाटेल. झाला. आठ-दहा दिवस मी त्यांच्यापुढे ताट ठेवून न बोलता निघून जात असे. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, बघा, त्यांना घर हवंय. आणि तुझं खरं असेल याची मला भीती होती. अजून आहे.

बाई म्हणाल्या, "ताई, तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण यांना वाटत असेल की आपण मेलेल्या बायकोशी लग्न करतोय, तर मी सही कशी घेऊ? उद्या यांचा मुलगा येऊन माझ्या टेबलावर हात आपटेल."

"आपटेल," मी म्हटलं. "आपटणाराच आहे तो."

"म्हणजे मुलगा आहे?"

"आहे. जर्मनीत."

"मग त्यालाच फोनवर आणा. त्याच्यासमोर यांना विचारू, त्यांच्या भाषेत. मुलगा सांगेल त्यावर ठरवू."

तर आता सगळं तुझ्या हातात आहे. एकवीस तारखेला, बुधवारी, तुमच्या सकाळी सात वाजता, चित्र दिसेल असा फोन कर. नंबर विपा देईल. तू नुसता आला नाहीस तरी मी हरते. आलास आणि वाकडं विचारलंस तरी हरते. मी जन्मभर कामगारांकडे मतं मागितली, आता माझ्यावर मतदान आलं म्हणून पळणार नाही.

प्रानोम


२६ जुलै

हाइको,

त्या दिवशी फोनच्या काचेत तुला तुझे बाबा, अर्धी विपा आणि बाईंच्या टेबलावरचा झेंडा एवढंच दिसलं असेल. मी काचेबाहेर होते. तिथे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तू दिसताच त्यांचा डावा हात माझ्या हातातून सुटला. पुढे वाकून ते म्हणाले, "रोसवीटा." मला वाटलं, संपलं. बाईंनी तुला विचारलं, हे तुझ्या आईचं नाव का, आणि ती नाही हे यांना कळतं का. तू त्यांच्याकडे वळून जर्मनमध्ये काही विचारलंस. त्यांनी होकाराची मान हलवली, डोळे भरले. विपाने आम्हाला सांगितलं, "मुलगा विचारतो, आईला तुम्ही स्वतः माती दिलीत ते आठवतं ना. ते हो म्हणतात."

मग बाई म्हणाल्या, "आता मुलालाच सांगा, बापाला विचार, तुझ्याकडे यायचंय का. यायचं असेल तर मी हे लग्न लावणार नाही."

तू वाकडं विचारू शकला असतास. विपा माझ्या कानात शब्द न् शब्द सांगत होती. तू म्हणालास, "बाबा, माझ्याकडे येता का?" उत्तर आलं, रोसवीटा. बाई म्हणाल्या, हे उत्तर झालं नाही. मग तू खोलीचं सांगितलंस. खिडकीतून बसचा डेपो दिसतो, सकाळी पहिली गाडी निघते ती ऐकू येते. तुझ्या बाबांचे डोळे मिटले, आणि मला कळलं की ते ती गाडी ऐकत आहेत. मला ओरडायचं होतं. हजार बायांना एका आवाजात उभं करणारी मी, ओढणीचा बोळा तोंडात धरून बसले होते. बाईंनी ते बघितलं.

तू पुन्हा विचारलंस. "बाबा, येता?"

"नाइन."

विपा भाषांतर करायला तोंड उघडत होती. बाईंनी हात वर केला. "राहू दे. कळलं."

सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेला तो दुसरा शब्द, तुमच्या भाषेतला 'नाही'. फाटकावर मी पोरींना सगळ्यात आधी 'नाही' म्हणायला शिकवायचे. 'हो' मालकही तुमच्या तोंडून काढून घेतो, 'नाही' तुमचं तुम्हाला काढावं लागतं. पण तो शब्द ऐकताना मी काचेकडे बघत होते. तुझा चेहरा मला दिसला. म्हणून त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

मग बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "काका, हिच्याशी लग्न करताय का?" त्यांनी माझी बाही धरली आणि होकाराची मान हलवली. इथवर तू बघितलंस, "ठीक आहे" म्हणालास आणि फोन ठेवलास. नंतरचं तुला माहीत नाही. त्यांनी सही केली नाही. काळ्या झालेल्या काचेकडे बघत बसले, पेन बोटांत धरून. मी पुढे सरकले तर बाई मला म्हणाल्या, "बसा हो ताई. इतके महिने थांबलात." बाहेरच्या पुढच्या जोडप्याला त्यांनी निरोप पाठवला, जेवून या. पुष्कळ वेळाने तुझ्या बाबांनी डाव्या हाताने, पोराने गिरवावी तशी सही केली.

नवरा म्हणून अर्ज दिला तर साहेबाने आधी तीस दिवसांचा शिक्का मारला. मग दोन शिपायांना घेऊन तो घरी आला. खोलीत आमचे फोटो काढले, शेजारणीला विचारलं, हे खरंच नवरा-बायको आहेत का. ती म्हणाली, "भांडतात, म्हणजे असतीलच." साहेब म्हणाला, "काका बोलत नाहीत असं लिहिलंय. मग भांडण कसं होतं?" ती म्हणाली, "साहेब, तुम्ही प्रानोमताईंना ऐकलेलं नाही. त्यांना समोरून उत्तर लागत नाही."

आज शिक्का मिळाला. एक वर्षाचा. तुझ्या आईचं पेन्शन बंद करण्याचं पत्र लग्नाच्या दाखल्यासह मीच पाठवलं आहे. तुला काही कळवायची गरज नाही.

आता हात आखडता घ्यावा लागतो. बिअर गेली, पलीकडच्या गावातून येणारा जर्मन पाव गेला. त्यावर त्यांनी मला दोन दिवस रोसवीटा म्हटलं ते काही प्रेमाने नव्हे, एवढं मला आता कळतं.

काल दुपारी मी तळ्यावर होते. परत आले तर ते माचावर फोन घेऊन बसलेले. डाव्या अंगठ्याने त्यांनी स्वतः तुझा नंबर लावला होता. मी लावून दिला नव्हता, कोणी सांगितलंही नव्हतं. घंटा वाजून वाजून थांबली. तुमच्याकडे सकाळ होती, तू कामावर असशील.

तू परत फोन कर. काय बोलतील मला माहीत नाही, कदाचित एकच शब्द पुन्हा पुन्हा. विपाला बोलवणार नाही. मी मध्ये बोलणार नाही. तुझा फोन आला की त्यांच्या हातात देऊन मी तळ्याकडे निघून जाईन.

प्रानोम